नऊचे सतरा, सतराचे चौतीस

ही गोष्ट सांगायची नाही असं ठरलं होतं. सभेच्या मानेआबात बसून, सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावून ठरवलं होतं. पण "कुणी बाहेर बोलायचं नाही" असं म्हणताना कौराबी आजोबांनी एकेका माणसाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही. मी तेव्हा तेरेतियाच्या मांडीवर आडवी पडले होते. म्हणजे मी शब्द दिलेला नाही, असं मी स्वतःला समजावते. तरी सांगताना जीव थोडा वरखाली होतोय, म्हणून हळूच सांगते.

मी एक पट्टी आहे. लाकडाची, हातभर लांब, चार बोटं रुंद. माझ्या एका कडेला लाल आकडे आहेत आणि दुसऱ्या कडेला काळे. वारा एका सेकंदात किती मीटर जातो ते लाल आकडे सांगतात. तोच वारा किती नॉट आहे, म्हणजे जहाजवाल्यांच्या मापानं किती, ते काळे सांगतात. लाल पाचाच्या समोर पाहिलं तर काळे जवळजवळ दहा दिसतात. लाल दहाच्या समोर काळे एकोणीस आणि वर थोडं. दुप्पट करायचं आणि किंचित कमी करायचं, एवढंच माझं ज्ञान. मी त्याहून जास्त शिकलेली नाही.

माझा जन्म एका बिघाडामुळे झाला. आमच्या नानोबो बेटाच्या उत्तर टोकाला हवामान केंद्र आहे. केंद्र म्हणजे एक खोली, एक उंच खांब आणि तेरेतिया. खांबावर वाऱ्याचं जुनं यंत्र होतं, ते नॉट दाखवायचं. ते इतकी वर्षं तिथं होतं की आकड्यापुढे नॉट म्हणायची कुणाला सवयच राहिली नव्हती. "आज वारा बारा," एवढं म्हटलं की बेटभर कळायचं. मग खाऱ्या हवेनं ते यंत्र आतून खाल्लं आणि एक दिवस त्याच्या वाऱ्यानं गरगरणाऱ्या वाट्या फिरायच्या थांबल्या.

पुढच्या जहाजानं नवं यंत्र आलं. कुठल्या तरी दूरच्या देशानं भेट दिलेलं, चकचकीत. पण ते मीटर बोलायचं. तेरेतियानं पहिल्या दिवशी त्याच्या चौकोनी डोळ्यात पाच बघितले आणि बाहेर येऊन माडांचे शेंडे बघितले. पाचाच्या मानानं शेंडे फार हलत होते. ती आत गेली, माहितीपुस्तक उघडलं आणि मग घरी वडिलांकडे गेली.

तिचे वडील इओतेबा होड्या बांधतात. त्या दिवशी ते उलांडीच्या, म्हणजे शेजारी तोलाचं लाकूड असलेल्या, होडीची बाजू बसवत होते आणि मी त्या बाजूच्या फळीचा उरलेला तुकडा होते. अजून एक हात लांब असते तर मी होडीत गेले असते आणि आज पाण्यात धावत असते. हे मला कधी कधी आठवतं. पण वाईट असं वाटत नाही. होडीला वारा अंगावर घ्यावा लागतो, मला फक्त तो वाचावा लागतो. माझ्या स्वभावाला हेच बरं.

"वारा तोच, बेट तेच, मग आकडे दोन कशाला?" इओतेबांनी मला पाकट माशाच्या खरखरीत कातडीनं घासता घासता विचारलं.

"यंत्र परदेशी आहे, बाबा."

"मग त्याला आपली बोली शिकव."

"ते शिकणार नाही. म्हणून ही पट्टी."

तेरेतियानं वहीत आकडे मांडले. एक मीटर म्हणजे एक पूर्णांक चौऱ्याण्णव नॉट, तिथून सुरुवात करून थेट तीसपर्यंत. वडिलांनी होडीच्या रंगानं रेघा ओढल्या. प्रत्येक रेघ ओढताना ते श्वास धरत. तेविसाव्या रेघेच्या वेळी त्यांना शिंक आली. तिथं अजून एक लाल ठिपका आहे. मी त्याला माझा तीळ म्हणते.

मग एका सोमवारी तेरेतियानं मानेआबात सगळ्यांना नव्या यंत्राबद्दल सांगितलं. मानेआबा म्हणजे आमची सभेची जागा, उंच छपराची, चारही बाजूंनी उघडी. तिथं प्रत्येक घराण्याचा बसायचा खांब ठरलेला असतो आणि म्हाताऱ्यांच्या आधी कुणी बोलत नाही. तेरेतियाचा आवाज मुळातच बारीक. ती मला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "यंत्र मीटर दाखवतं. मीटर दिसायला लहान असतात. त्यांचे नॉट करायचे तर जवळजवळ दुप्पट करायचे. म्हणून लहान आकडा बघून कुणी होडी काढू नका."

सगळ्यांनी ऐकलं. लिहून घेतलं ते एकट्या तिओतीनं.

तिओती बेटाच्या पंचायतीचा कारकून. त्याच्या कानावर कायम पेन्सिल असते आणि केस कायम विंचरलेले. रोज सकाळी तेरेतिया रेडिओवर वारा सांगते, तो ऐकून तो धक्क्यावरच्या फळ्यावर खडूनं लिहितो आणि बावटा चढवतो. वीसपर्यंत हिरवा, वीसच्या वर लाल. मग तोच आकडा तो शेजारच्या बेटांवरच्या तांडेलांना कळवतो. लाल बावटा असला की कुणीही बोट काढायची नाही. आणि एक नियम मोठा पक्का आहे. लाल बावटा तिओती एकटा चढवू शकतो, पण एकदा चढला की त्या दिवशी तो म्हाताऱ्यांच्या परवानगीशिवाय उतरत नाही. कारण पूर्वी कुणी तरी आपल्या सोयीनं उतरवला होता आणि दोन होड्या खडकावर गेल्या होत्या.

त्या सोमवारी तिओतीनं वहीत लिहिलं, "दुप्पट करणे." आणि खाली दोन रेघा मारल्या. मी ते पाहिलं. मला वाटलं, किती लक्ष देऊन ऐकतो हा माणूस.

मंगळवारी यंत्रात तीन होते. तेरेतियाचं बोट माझ्या लाल तीनवरून काळ्या सहावर आलं. "वारा सहा," ती रेडिओवर म्हणाली. बुधवारी चार होते, ती म्हणाली, "वारा आठ." माझं काम झालं की ती मला खिळ्याला टांगायची आणि मी दिवसभर भिंतीवरून तिच्याकडे बघायची. धक्क्यावर काय चालतं ते मला तिथून दिसत नव्हतं. तिलाही दिसत नव्हतं, कारण त्या आठवड्यात ती केंद्रातून सुटली की थेट घरी जायची. घरी लग्न होतं.

लग्न तिच्या धाकट्या भावाचं, बारानिकोचं. नवरी ताबेता, समोरच्या बेटावरची. शनिवारचा दिवस ठरला होता, आणि तो पुढे ढकलता येण्यासारखा नव्हता. बारानिको मोठ्या मालवाहू जहाजावर खलाशी म्हणून लागला होता. सोमवारच्या विमानानं तो जाणार आणि वर्षानं परत येणार. शनिवारी नवरी आली नाही तर लग्न एका वर्षानं. वर्षभरात काय काय होतं ते ताबेताच्या घरच्यांना चांगलं माहीत होतं. तिच्यासाठी आणखी दोन ठिकाणांहून विचारणा झाली होती, असं तेरेतिया केंद्रात आलेल्या आपल्या आईशी बोलताना मी ऐकलं होतं.

शनिवारी सकाळी सहा वाजता यंत्रात नऊ होते. लाल नऊच्या समोर मी सतरा आणि अठराच्या मधोमध दाखवते, पण सतराकडे केसभर झुकते. तेरेतियानं नेहमीप्रमाणे जवळून बघितलं.

"वारा सतरा, पूर्वेकडून," ती म्हणाली, आणि रेडिओ बंद केला. सतरा म्हणजे वीसच्या आत. नवरीला आणणारी लाँच येणार. ती गुणगुणत होती. माझ्या भोकातली दोरी आदल्या दिवशी तुटली होती. वडिलांकडून नवी घालून घ्यावी म्हणून, केंद्रातलं काम आटोपल्यावर नऊच्या सुमाराला तिनं मला सायकलच्या टोपलीत टाकलं आणि निघाली. त्या तुटक्या दोरीमुळे पुढचं सगळं मला बघायला मिळालं.

धक्क्यापाशी तिनं सायकल अशी थांबवली की मी टोपलीत उलटी झाले. खांबावर लाल बावटा फडफडत होता. फळ्यावर मोठ्या, सुबक अक्षरात लिहिलं होतं: चौतीस.

तेरेतियानं फळ्याकडे बघितलं. मग समुद्राकडे. लाटांवर पांढरे तुरे होते, पण मोजता येतील इतके. मग तिनं मला हातात घेतलं, लाल नऊवर बोट ठेवलं आणि काळ्या सतरावर नेलं. तिथंच ते बोट एकदा टेकलं आणि पुन्हा एकदा टेकलं. सतरा आणि सतरा.

तिओतीच्या खोलीत ती दार न वाजवता शिरली. मी तिला असं करताना पूर्वी कधी पाहिलं नव्हतं.

"तिओती, हे चौतीस कुठून आले?"

"तूच दिलेस."

"मी सतरा दिले."

"हो, आणि मी त्यांचे चौतीस केले. सोमवारी तूच ना शिकवलंस?" त्यानं वही उघडून तिच्यापुढे धरली. दोन रेघा अजून ताज्या वाटत होत्या.

"दुप्पट मी करते, केंद्रात. ही पट्टी त्यासाठीच आहे. मी सांगते ते नॉटच असतात."

"मग नॉट म्हणायचं की."

"इतकी वर्षं कधी म्हटलं?"

"इतकी वर्षं यंत्र तरी कधी मीटर दाखवत होतं?"

मला दोघांचंही पटत होतं, आणि तीच पंचाईत होती.

"म्हणजे मंगळवारी बारा नव्हते," तिओती खाली बसत म्हणाला. "कौराबी आजोबा म्हणालेच होते. झावळी हलत नाही आणि आकडा बारा, म्हणाले, नव्या यंत्राला भूक जास्त दिसते. सगळे हसले. मीही हसलो." त्यानं कानावरची पेन्सिल काढली आणि उगाच टेबलावर सरळ ठेवली. "तेकाऊ तांडेलाला मी सात वाजताच कळवलंय. लाँच बांधून ठेव म्हणून. नवरी बसली असेल तिथं सामान घेऊन."

"आता कळव की चूक झाली."

"बावटा लाल आहे, बाई. लाल बावट्याखाली मी कसं सांगू? म्हाताऱ्यांकडे जावं लागेल." मग तो हळूच म्हणाला, "आणि तू नवऱ्यामुलाची बहीण. तू जाऊन म्हणणार की वारा कमी आहे."

तेरेतियानं मला घट्ट धरलं. तिच्या हाताला घाम आला होता. मला तो कळला, कारण तो माझ्या लाकडात मुरत होता.

लाँचला समोरच्या बेटावरून यायला दोन तास लागतात. आमच्या खडकांमधली वाट भरतीलाच उघडी असते आणि त्या दिवशी भरती एक वाजेपर्यंत होती. म्हणजे अकराच्या आत लाँच तिथून निघायला हवी होती. आम्ही मानेआबात पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते.

तिथं जेवणाची तयारी चालली होती. जमिनीतल्या भट्टीत डुकरं भाजायला ठेवली होती, बायका नीरफणस सोलत होत्या, एकीकडे कुपा मासे कापून मांडले होते. बारानिको फुलांची माळ घालून आपल्या घराण्याच्या खांबाला टेकून बसला होता. त्यानं लाल बावटा पाहिला होता. तो माळेतल्या फुलांच्या पाकळ्या नीट करत होता.

मधोमध म्हातारे बसले होते. प्रत्येकाच्या हातात करवंटी, करवंटीत नीरा. कौराबी आजोबा सगळ्यांत वडील. तेरेतिया त्यांच्यासमोर गुडघे दुमडून बसली.

"आजोबा, वारा चौतीस नाही. सतरा आहे. बावटा उतरवायला हवा."

आजोबांनी काही म्हणायच्या आत शेजारचा एक म्हातारा म्हणाला, "भावाचं लग्न असलं की बहिणीला वारा पडलेलाच दिसतो." सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले.

"ही पट्टी बघा," तेरेतिया म्हणाली आणि मला पुढे केलं.

कौराबी आजोबांनी मला हातात घेतलं, उलटं केलं, सुलटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. इतकी माणसं माझ्याकडे एकदम बघत होती की मला माझे आकडेसुद्धा आठवेनात.

"छान आहे. कुणी केली?"

"बाबांनी."

"म्हणजे पट्टीही नवऱ्याकडचीच."

आता मोठ्यानं हसू आलं. अर्धी मी लाल आहेच, उरलेली अर्धीही त्या वेळी झाली असेल. इतके दिवस मला वाटायचं की मी खरं बोलते म्हणजे लोक विश्वास ठेवणार. मी कुणाच्या फळीतून निघाले हेही लोक बघतात, हे मला तिथं कळलं.

आजोबांनी मला परत दिलं. "हे बघ पोरी, यंत्र नवं. त्याची भाषा आम्हाला येत नाही. तुला येते, पण आज तुझं घर मध्ये आहे. जास्त सांगून लग्न राहिलं तर लोक तुला नावं ठेवतील. कमी सांगून लाँच उलटली तर आम्हाला. मग बावटा राहू दे. वर्ष काय, जातं."

बारानिकोच्या हातातली पाकळी तुटली. मी ते पाहिलं. तेरेतियानंही पाहिलं असावं, कारण तिनं मान वर केली. तिला लोकांच्या डोळ्यांकडे बघवत नाही, ती नेहमी हातांकडे बघते. आताही ती म्हाताऱ्यांच्या हातांकडे बघत होती. एका हाताकडे, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. मग ती एकदम म्हणाली,

"आजोबा, तुमच्या करवंटीतली नीरा आजची का?"

"मग काय कालची पिऊ? पहाटेची आहे."

"कुणी काढली?"

"जावयानं. का गं?"

जावई मागेच बसला होता. तेरेतिया त्याच्याकडे वळली. "भाऊजी, तुम्ही माडावरून किती वाजता उतरलात?"

"सहाला. चर्चची घंटा झाली तेव्हा मी शेंड्यातच होतो."

"गात होतात?"

"गातच होतो की. गाणं बंद पडलं की सासरे खालून ओरडतात, झोपलास का वर म्हणून."

दोन-तीन म्हातारे हसले, पण या वेळी कौराबी आजोबा हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत होते.

"मी आकडा सहालाच घेतला," तेरेतिया म्हणाली. "फळ्यावर जो चौतीस आहे तो त्या वेळचा आहे. भाऊजी, चौतीस नॉटच्या वाऱ्यात तुम्ही माडावर चढाल?"

"चौतीसला?" जावई म्हणाला. "चौतीसला मी माडाखाली बसतसुद्धा नाही, ताई. नारळ डोक्यात येतो."

मग मी एक मजेशीर गोष्ट पाहिली. एकेक म्हातारा आपापल्या करवंटीत डोकावून बघायला लागला. प्रत्येकात नीरा होती. प्रत्येक घरचा कुणी ना कुणी त्या पहाटे माडावर चढला होता, वर बसून गायला होता आणि भरलेलं भांडं घेऊन धडधाकट खाली आला होता. सगळ्या बेटानं त्या सकाळी वारा मोजला होता आणि पिऊनही टाकला होता.

कौराबी आजोबांनी आपली करवंटी सावकाश रिकामी केली आणि चटईवर पालथी ठेवली.

"मग चौतीस आले कुठून?"

एका खांबामागे तिओती उभा होता. त्याचे विंचरलेले केस विस्कटले होते. तेरेतियानं त्याचं नाव घेतलं असतं तर एका शब्दात संपलं असतं. ती म्हणाली, "मी नुसतं सतरा म्हटलं, आजोबा. सतरा काय ते म्हटलं नाही. चूक माझी."

"नाही, ती नाही, मी..." तिओती खांबामागून पुढे आला.

आजोबांनी हात वर केला. "बस खाली. आकडा दोनदा मोजला गेला. कुणी मोजला ते मोजत बसलो तर भरती जाईल." मग त्यांनी एकेका माणसाकडे बघितलं. "ही गोष्ट या छपराबाहेर न्यायची नाही. समोरच्या बेटावर कळलं तर आयुष्यभर आपण एक मासा दिला की ते हसत दोन मोजतील. कुणी बाहेर बोलायचं नाही."

माना डोलल्या. तेव्हाचंच ते मी सुरुवातीला सांगितलं.

आजोबा स्वतः धक्क्यावर चालत गेले. ते फार हळू चालतात. मागून सगळं मानेआबा त्यांच्या चालीनं चाललं होतं, बारानिको सगळ्यांत मागे, आणि माझ्या मनात सारखं येत होतं की या माणसाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे एक नॉटसुद्धा नाही. लाल बावटा उतरला तेव्हा साडेदहा वाजून गेले होते.

तिओतीनं रेडिओ हातात घेतला.

"तेकाऊ दादा, वारा सतरा आहे. नॉट. सतरा नॉट. निघा."

पलीकडून खरखर आली आणि मग तांडेलाचा जाड आवाज. "सकाळी चौतीस म्हणालास. अर्धा वारा गेला कुठं?"

तिओतीनं तेरेतियाकडे बघितलं, म्हाताऱ्यांकडे बघितलं. छपराबाहेर न्यायची नव्हती.

"लग्नघरी जेवायला बसलाय," तो म्हणाला. "तुम्हीही या लवकर."

पलीकडे हसण्याचा आवाज आला आणि इंजिनाचा.

सतरा नॉट म्हणजे काही थोडा वारा नव्हे, हे मला सांगायलाच हवं. मी खरं तेच सांगते. लाँच एकला दहा मिनिटं कमी असताना खडकांच्या वाटेतून आत शिरली, तेव्हा ताबेता डोक्यापासून पायापर्यंत भिजली होती आणि तिची मावशी बोटीच्या कडेला धरून रंग बदलून बसली होती. ताबेता मात्र हसत होती. बारानिको कमरेइतक्या पाण्यात उतरून गेला. धक्का चार पावलांवर होता, पण तो पाण्यातूनच गेला.

लग्नात पाहुण्यांच्या अंगावर पावडर उडवायची आणि अत्तर शिंपडायचं अशी आमच्याकडे रीत आहे. तेरेतियानं मला कमरेला खोचलं होतं, त्यामुळे मीही पाहुणी झाले. माझ्या रेघांत ती पांढरी पावडर अजून आहे. दुसऱ्या दिवशी इओतेबांनी मला नवी दोरी घातली आणि कौराबी आजोबांच्या सांगण्यावरून माझ्या दोन्ही कडांवर वरच्या टोकाला कोरून लिहिलं: एकीकडे मीटर, दुसरीकडे नॉट. कोरताना दुखलं. पण आता मला उलटं धरलं तरी कुणी फसणार नाही.

सोमवारी बारानिको गेला.

त्यानंतरचे माझे काही महिने फार बरे गेले नाहीत. राजधानीहून एक तंत्रज्ञ आला. त्यानं यंत्राच्या पाठीवरचं एक छोटं बटण दाबलं आणि चौकोनी डोळ्यात एकदम नॉट दिसायला लागले. तेरेतिया आणि तिओती दोघंही तिथं होते. दोघंही एकमेकांकडे न बघता त्या बटणाकडे बघत राहिले.

"हे पहिल्यापासून होतं?" तिओतीनं विचारलं.

"हो. पुस्तकात आहे. शेवटच्या पानावर," तंत्रज्ञ म्हणाला.

"शेवटचं पान ओलं झालं होतं," तेरेतिया पुटपुटली.

झालं. माझं काम संपलं. आधी मी खिळ्यावर नुसती लटकत होते. मग खिडकी आपटते म्हणून कुणी तरी मला तिच्या फटीत खोचलं. पाऊस आत यायचा, माझा काळा रंग थोडा उडाला. तेरेतियाची माझ्यावर माया आहे, पण माया असूनही माणसं वस्तूंना खिडकीत खोचतात. मी तक्रार केली नाही. मला जमतही नाही.

मला तिथून ताबेतानं काढलं. ती आता इथंच राहते आणि दुपारचं निरीक्षण तीच घेते. बारानिकोचं पत्र आलं होतं. त्यात लिहिलं होतं, "आमचं जहाज चौदा नॉटनं चाललं आहे." ते तिनं दोनदा वाचलं. मग तिनं विचारलं, "वन्सं, चौदा नॉट म्हणजे किती? मला समजेल असं सांगा."

यंत्राला हे विचारता येत नाही. त्याला फक्त त्याच्या खांबावरचा वारा कळतो. तेरेतियानं खिडकीकडे बघितलं. मग ताबेतानं मला ओढून काढलं, अंगावरच्या कपड्यानं पुसलं आणि पहिल्यांदाच माझ्या काळ्या कडेवरून लाल कडेकडे कुणाचं बोट गेलं. इतके दिवस सगळे मीटरचे नॉट करायचे. तिनं नॉटचे मीटर केले. दुपटीच्या उलट, अर्धं करायचं आणि किंचित वाढवायचं.

"सात मीटर आणि थोडं जास्त," ती म्हणाली. मग तिनं खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर टाकली. खोली बरोबर सात मीटर लांब आहे. "म्हणजे मी एक म्हणेपर्यंत तो एवढा लांब जातो."

"एवढाच," तेरेतिया म्हणाली.

ताबेता हसली. तेव्हापासून मी परत खिळ्यावर आहे. पत्र आलं, फोन आला, की त्याच्या जहाजाचा वेग विचारला जातो आणि मला खाली काढलं जातं. तिओतीसुद्धा आता त्याचा फोन आला की निरोप लिहून घेताना आकड्यापुढे "नॉट" लिहितो आणि त्याच्याखाली दोन रेघा मारतो.

मला तुमच्याकडे एकच मागायचं आहे. आकडा कुणाकडे एकटा पाठवू नका. त्याच्याबरोबर त्याचं नाव पाठवा, मीटर असेल तर मीटर, नॉट असेल तर नॉट. एकटा आकडा वाटेत कुणाला तरी भेटतो आणि तो माणूस चांगला असला, मन लावून काम करणारा असला, तरी आपल्या परीनं त्याला मोठा करून पुढे धाडतो. मी हे कुणाला नावं ठेवायला सांगत नाही. उलट, मला जे म्हणायचं आहे ते असं की...

ताबेता आली वाटतं. सायकल अंगणात टाकून आली, पडल्याचा आवाज झाला. "वन्सं, पट्टी काढा, लवकर काढा. तिओतीकडे फोन आला होता. जहाज वळलं. घरी यायला निघालं, सोळा नॉटनं." आता मला जायला हवं. सोळा म्हणजे सव्वाआठ मीटर, म्हणजे ती एक म्हणेपर्यंत तो सव्वाआठ मीटर जवळ, दोन म्हणेपर्यंत साडेसोळा, आणि तीन म्हणेपर्यंत...